सर्पगंधेची पूड, टेट्राबेनाझिन आणि सतत गळणाऱ्या पुटिका

प्रश्न: सर, मी इंदूरला बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे आजोबा पोटासाठी बरेच महिने मेटोक्लोप्रमाइड घेत होते. पुढे त्यांचे ओठ आणि जीभ आपोआप हलू लागली. न्यूरॉलॉजिस्टनी टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे औषधातून जडलेल्या अनैच्छिक हालचाली, असं निदान करून टेट्राबेनाझिन लिहून दिलंय, उद्या-परवा सुरू करायचंय. पण आजोबा दोन महिन्यांपासून झोप आणि बीपीसाठी सर्पगंधेची पूडही घेतात, रोज अर्धा चमचा. रामबागेतल्या शेजारच्या काकांनी ती सियागंजच्या बाजारातून आणून दिली. पुस्तकात लिहिलंय की सर्पगंधेतलं रेसर्पिन आणि टेट्राबेनाझिन दोन्ही व्हीमॅट बंद करतात, म्हणजे डोपामिनसारखी संदेशवाहक रसायनं साठवणारा चेतापेशीतला वाहक. मग दोन्ही एकदम चालतील का? दुसरं, व्हीमॅटचं काम पुटिका, म्हणजे चेतातंतूच्या टोकातल्या बारीक पिशव्या, भरण्याचं, तर तो बंद केल्यावर आधीच भरलेल्या पुटिका रिकाम्या कशा होतात? आणि रेसर्पिनचा असर आठवडे टिकतो, टेट्राबेनाझिनचा काही तास, हे का?

उत्तर:

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे दोन थांबू शकतात. दोन्ही एकदम चालणार नाहीत. पहिली गोळी देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना फोन कर आणि पूड कसली, रोज किती, कधीपासून, हे सगळं सांग. टेट्राबेनाझिनच्या अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे की रेसर्पिन थांबवून किमान २० दिवस झाल्याशिवाय हे औषध सुरू करू नये. पूड थांबवली की बीपी वर जाऊ शकतं, त्यामुळे तो निर्णयही घरात बसून घेऊ नका, त्याच फोनवर विचारा. दवाखान्यात "आणखी काय घेता?" असं विचारलं की माणसाला फक्त गोळ्या आठवतात. पूड, काढा, चूर्ण हे आपल्याकडे स्वयंपाकघरात मोडतं.

आता ते २० दिवस आले कुठून, ते बघू. त्यातच तुझे उरलेले दोन्ही प्रश्न आहेत.

चेतातंतूच्या टोकाशी असलेली पुटिका साधारण ४० नॅनोमीटर व्यासाची असते. तिच्या पटलावर दोन निरनिराळी यंत्रं बसवलेली असतात आणि परीक्षेत मुलं नेमकी इथेच गल्लत करतात. एक आहे व्ही-एटीपेझ. ते एटीपी खर्च करून प्रोटॉन आत ढकलतं, बस्स, डोपामिनशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा वाहक, म्हणजे आपला व्हीमॅट. तो एटीपीला हातही लावत नाही. आत जमलेले दोन प्रोटॉन बाहेर सोडायचे आणि त्या बदल्यात डोपामिनचा एक रेणू आत घ्यायचा, एवढाच त्याचा व्यवहार. म्हणजे ऊर्जा एकाने कमवायची आणि दुसऱ्याने वापरायची. बॅफिलोमायसिनने पहिलं यंत्र बंद पाडलं तर दुसरं शाबूत असूनही उपयोगाचं राहत नाही.

या अदलाबदलीतून किती साठा होऊ शकतो, ते वहीच्या कोपऱ्यात मांडून बघ. बाहेर पेशीरसाचा पीएच ७.२ आणि पुटिकेच्या आत ५.६ धर, म्हणजे फरक १.६. प्रोटॉन दोन जातात म्हणून तो दुप्पट कर, ३.२. पीएच दहाच्या घातात मोजतात, म्हणून हे झाले १० चा ३.२ वा घात, साधारण १६०० पट. त्यात पुटिकेची आतली बाजू विद्युतदृष्ट्या धन असते, त्याची आणखी जवळपास १० पटींची भर घाल. एकूण १० हजार पटींच्या आसपास येतं. पेशीरसात एक असेल तिथे पुटिकेत १० हजार. हे गणित मी वर्गात नेहमी फळ्यावर करून घेत असे, कारण नुसतं "अँटिपोर्टर" पाठ करणाऱ्याला दोन प्रोटॉनच का, एक का नाही, हे कधी कळत नाही. एकच प्रोटॉन असता तर अदलाबदलीत विद्युतभार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे विभवाचा उपयोग शून्य, आणि पीएचच्या फरकातून जेमतेम ४० पट मिळाले असते.

आणखी एक हिशेब कर, त्याची गंमत वाटेल. पुटिकेच्या आतली जागा जेमतेम १७ हजार घन नॅनोमीटर. पीएच साडेपाच असताना एवढ्या जागेत सुटे प्रोटॉन किती असतील? उत्तर एकापेक्षा कमी येतं. कुठल्याही क्षणी पाहिलं तर ३० पुटिकांमागे एखादीत एक सुटा प्रोटॉन. बाकीचे सगळे आतल्या रेणूंना चिकटलेले. त्यामुळे "आत आम्ल भरलेलं असतं" हे चित्र डोक्यातून काढून टाक. प्रोटॉनचा साठा म्हणजे तिथे चिकटलेले प्रोटॉन, ते सुटतात आणि पुन्हा चिकटतात. आणि ते ढकलणारी व्ही-एटीपेझ एका पुटिकेवर बहुधा एक किंवा दोनच असते. कोपनहेगनच्या गटाने २०२२ मध्ये एकेका रेणूवर नजर ठेवून दाखवलं की ही सलग चालतही नाही. काही वेळ पंप करते, काही वेळ स्वस्थ बसते, आणि काही वेळ तर तिच्यातूनच प्रोटॉन उलटे बाहेर गळतात. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याआधी बरेच जण चेतापेशीतल्या पुटिका नेहमी पूर्ण भरलेल्या समजत होते.

ग्लुटामेट आणि इतर संदेशवाहक रसायनांची गोष्ट वेगळी आहे, ती इथे थोडक्यात आटपतो. ग्लुटामेट ऋणभारित असतं, त्यामुळे त्याचा वाहक व्हीग्लूट मुख्यतः आतल्या धन विभवावर चालतो, पीएचवर कमी. १९९४ मध्ये हे प्रथिन सापडलं तेव्हा ते फॉस्फेटचा वाहक समजलं गेलं होतं. त्याचं खरं काम २००० मध्ये कळलं. गाबाचा वाहक दोन्हींचा थोडा-थोडा आधार घेतो. अॅसिटिलकोलीनचा वाहक व्हीमॅटचा सख्खा भाऊ, त्यालाही दोन प्रोटॉन लागतात. परीक्षेपुरतं एवढं बास.

आता तुझा दुसरा प्रश्न. भरलेल्या पुटिका रिकाम्या कशा होतात? कारण त्या कधी सीलबंद नसतातच. डोपामिन हा दुर्बल आम्लारी आहे. त्याचे बहुतेक रेणू भारित असतात आणि पटलातून जाऊ शकत नाहीत. पण कुठल्याही क्षणी एक छोटासा हिस्सा भाररहित असतो आणि तो बाहेर पाझरतो. सहानुभूती (सिम्पथेटिक), म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्या आपोआप सांभाळणाऱ्या, चेतातंतूंवरच्या कामातून हे स्पष्ट झालं आहे की विश्रांतीच्या स्थितीत त्यांच्या नॉरअॅड्रेनॅलिन या संदेशवाहकाची जी उलाढाल होते, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष स्रावाचा नसून या गळतीचाच असतो. गच्चीवरच्या सिन्टेक्सच्या टाकीला बारीक तडा आहे आणि मोटर सतत चालू आहे, अशी कल्पना कर. टाकी भरलेली दिसते म्हणून तडा दिसत नाही. मोटर बंद केली की टाकीला कुणी हात न लावताही ती उतरते. याशिवाय दुसरी वाट आहेच. स्राव होऊन गेला की पुटिका परत आत ओढली जाते आणि ती रिकामी असते. व्हीमॅट बंद असेल तर ती रिकामीच पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन उभी राहते. मग विद्युतसंदेश येतो, पुटिका पटलाला भिडतेही, पण आतून काही निघत नाही.

काही गाइडांमध्ये "रेसर्पिन पुटिका नष्ट करते" असं छापलेलं असतं. ते खोडून टाक. पुटिका जागच्या जागी असतात, फक्त रित्या.

पण मग गळून पेशीरसात आलेलं डोपामिन जातं कुठे? तिथे मोनोअमाइन ऑक्सिडेज तयारच असतं, ते त्याचे तुकडे करतं. म्हणूनच रेसर्पिन दिल्यावर सुरुवातीला डोपामिन आणि सिरोटोनिन घटतात, पण त्यांच्या विघटनातून होणारे पदार्थ वाढतात. बेथेस्डामध्ये ब्रोडी, शोर आणि प्लेचर यांनी १९५५ मध्ये सिरोटोनिनच्या बाबतीत जे पाहिलं, ते हेच. आणि याच कारणाने टेट्राबेनाझिनच्या माहितीपत्रकात एमएओ इनहिबिटरला, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज बंद करणाऱ्या औषधांनाही, मनाई आहे. गळती चालू आणि विघटन बंद, अशी जोडी जमली तर बाहेर आलेला साठा भलत्या वाटेने निसटतो आणि बीपी एकदम चढू शकतं.

डोपामिन पेशीरसात फार काळ मोकळं राहणं पेशीलाही परवडत नाही. ते ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतात. व्हीमॅट हे केवळ भरण्याचं यंत्र नाही, तो पेशीचा बचावही करतो, हे ज्या मार्गाने कळलं ती गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइनमधल्या एमपीटीपीने तरुण माणसांना एकाएकी पार्किन्सन झाला. शरीरात त्यापासून एमपीपी प्लस बनतं आणि ते डोपामिनच्या पेशी मारतं. पुढे रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत हॅमस्टरच्या पेशींमध्ये निरनिराळी जनुकं घालून त्या एमपीपी प्लसमध्ये टाकल्या आणि ज्या वाचल्या त्यांच्यात काय होतं ते शोधलं. १९९२ मध्ये सापडला तो व्हीमॅट. तो विष पुटिकेत कोंडून ठेवत होता, म्हणून पेशी वाचल्या.

माणसांमध्ये हे जनुकच बिघडलं तर काय होतं, तेही आता माहीत आहे. २०१३ मध्ये सौदी अरेबियातल्या एका कुटुंबाची हकिकत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. मुलांना लहानपणापासून पार्किन्सनसारखी लक्षणं, मंद हालचाली, मूड बिघडलेला. कुणालाही वाटेल की डोपामिन कमी, तर ज्यापासून डोपामिन बनतं तो लेव्होडोपा द्या. दिला, आणि मुलं आणखी बिघडली. डोपामिन बनत होतं, पण भरायला वाहक नव्हता. मग डोपामिनचा रिसेप्टर थेट चालवणारं प्रॅमिपेक्सोल दिलं तेव्हा ती झपाट्याने सुधारली. वर्गात व्हीमॅट शिकवायचा असेल तर मी पंपाच्या आकृतीऐवजी या मुलांपासून सुरुवात करीन. इथे स्वीडनच्या आर्व्हिड कार्ल्सन यांच्या १९५७ च्या प्रयोगातल्या सशांचीही आठवण येते. रेसर्पिनने निपचित पडलेले ससे लेव्होडोपाने उठून फिरू लागले होते. म्हणजे एकदा लेव्होडोपा चालला आणि एकदा बिघाड वाढला. यावर तू स्वतः थोडा विचार कर. रेसर्पिनच्या सशात डोपामिन पुटिकेविना पेशीतून थेट बाहेर पाझरलं असावं, ती तात्पुरती उचल होती. जन्मभर रित्या राहिलेल्या पुटिकांच्या मुलात तोच उपाय रोज करत राहणं ही वेगळी गोष्ट.

तिसरा प्रश्न, आठवडे आणि तास. रेसर्पिन आणि टेट्राबेनाझिन एकाच प्रथिनाला वेगवेगळ्या स्थितीत पकडतात. वाहकाला हालचाल करताना दोन मुख्य मुद्रा असतात, एकदा तोंड पेशीरसाकडे, एकदा पुटिकेच्या आत. रेसर्पिन येतं पेशीरसाच्या बाजूने, जिथे डोपामिन बसतं तिथेच बसतं, आणि इतकं घट्ट की प्रत्यक्षात ते सुटतच नाही. टेट्राबेनाझिन मात्र वाहकाला आतल्या बाजूच्या मुद्रेत अडकवून ठेवतं, पण ते सुटूही शकतं. २०२३ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या दोन्ही मुद्रांच्या प्रतिमा अनेक गटांनी प्रसिद्ध केल्या आणि जे रसायनशास्त्रज्ञ ३० वर्षं आडून ओळखत होते ते डोळ्यांना दिसलं.

मग रेसर्पिनने बांधलेला वाहक परत कधी मिळतो? नाहीच. नवीन वाहक बनावा लागतो, आणि तो चेतातंतूच्या टोकाशी बनत नाही. पेशीच्या मुख्य भागात बनून, पुटिकेत बसून, अक्षतंतूतून प्रवास करून तिथे पोहोचावा लागतो. डालस्ट्रॉम आणि हॅगेन्डाल यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की रेसर्पिननंतरची भरपाई या नव्या कणिकांच्या, म्हणजे नव्या पुटिकांच्या, प्रवासाच्या वेगावर अवलंबून असते. आजोबांच्या २० दिवसांचा हिशेब इथे आहे. रक्तातलं रेसर्पिन संपण्याचे ते दिवस नाहीत. चेतातंतूंच्या टोकांवर नवीन पंप बसायला लागणारे दिवस आहेत. याउलट टेट्राबेनाझिनचे सक्रिय मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात त्यापासून बनणारे आणि खरं काम करणारे पदार्थ, तासांत निघून जातात आणि मागे तोच वाहक काम करू लागतो. म्हणून ती गोळी दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते. ड्युटेट्राबेनाझिनमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून हे विघटन मंद केलं आहे. अशा प्रकारचं अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध, २०१७. त्याच वर्षी टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी व्हॅलबेनाझिनलाही मान्यता मिळाली.

पुस्तकात "दोन्ही व्हीमॅट बंद करतात" असं एका ओळीत गुंडाळलेलं असतं, त्यातही एक महत्त्वाचा भेद निसटतो. व्हीमॅट दोन आहेत. दुसरा, म्हणजे व्हीमॅट-२, मेंदूत आणि सहानुभूती चेतातंतूंत. पहिला मुख्यतः अॅड्रिनल ग्रंथीत आणि आतड्याच्या काही पेशींत. रेसर्पिन दोन्ही बंद करतं, टेट्राबेनाझिन जवळपास फक्त दुसरा. बीपी उतरणं, नाक चोंदणं, जुलाब, अॅसिडिटी या रेसर्पिनच्या तक्रारी मुख्यतः सहानुभूती चेतातंतूंतला साठा रिता झाल्याने येतात. पण टेट्राबेनाझिनलाही डोपामिन, सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांच्यात भेद करता येत नाही, कारण तिघांचा वाहक एकच. हालचाली कमी करायच्या म्हणून डोपामिन घटवायला गेलं की सिरोटोनिनही घटतं. त्यामुळे उदासी आणि आत्महत्येचे विचार यांचा ठळक इशारा त्या औषधावर आहे, आणि नैराश्याचा उपचार नीट झालेला नसलेल्यांना ते देत नाहीत. आजोबांचा पूर्वीचा इतिहास तुला माहीत नसेल तर आजींना विचार, आणि तोही डॉक्टरांना सांग.

सर्पगंधेला आपल्याकडे कमी लेखायचं कारण नाही, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. बाजारात हिला "पागल की दवा" म्हणतात ते उगाच नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मनोविकार आणि रक्तदाब या दोन्हींसाठी तिच्याविषयी लिहिलं होतं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाचे रुग्ण मांडले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. बाझेलच्या सिबा कंपनीने १९५२ मध्ये मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. आणि आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेलं आरएस-१ हे सर्पगंधेचं वाण औषधी वनस्पतींच्या जगात ओळखीचं आहे. म्हणजे या मुळाची आणि या शहराची ओळख जुनी आहे. पण तिथे मुळातल्या अल्कलॉइडांचं प्रमाण मोजलं जातं, सियागंजच्या पुडीत कोण मोजतं? अमेरिकन औषधकोशाची जुनी अट होती की मुळात रेसर्पिन गटातली अल्कलॉइडं किमान ०.१५ टक्के हवीत. तुमची पूड तेवढीच आहे असं समज. एक ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅम. रेसर्पिनचा बीपीसाठीचा दिवसाचा डोस ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असतो. अर्धा चमचा पूड सहज एक ग्रॅम भरते. आजोबांच्या मंदपणाला, जास्त झोपेला घरात कुणी "वय झालं" म्हणत असेल तर हा आकडा त्यांना दाखव.

आणि हो, पुडीने ओठांची हालचाल थोडी कमी झालेली असू शकते. पूर्वी रेसर्पिन टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी वापरून पाहिलंही गेलं होतं. त्यामुळे पूड थांबल्यावर हालचाली वाढल्या तर घाबरू नका, औषध चालत नाही असंही समजू नका. झाकलेलं वर आलं एवढंच, आणि ते २० दिवस होऊन गेले असतील तर टेट्राबेनाझिन सुरू करायची वेळ झाल्याची तीच खूण असेल. माहितीपत्रक हंटिंग्टनच्या कोरियासाठी, म्हणजे हंटिंग्टन या आनुवंशिक आजारातल्या अनैच्छिक हालचालींसाठी, हेच सांगतं, की हालचाली परत दिसल्यावरच गोळी द्यावी. मेटोक्लोप्रमाइड मात्र कुठल्याही नावाने परत घरात येऊ देऊ नका. दवा बाजारातून पोटाचं काहीही आणताना पाकिटावरचा घटक वाच, तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

गोळी सुरू झाली की पहिले काही आठवडे चार गोष्टींकडे लक्ष: चालणं मंदावणं किंवा हात आखडणं, एका जागी बसता न येणं, गिळताना ठसका लागणं, आणि बोलणं-हसणं कमी होणं. पहिल्या तीन गोष्टी घरच्यांना लवकर दिसतात. चौथी दिसत नाही, कारण म्हातारा माणूस गप्प बसला की आपल्याला बरं वाटतं. डोस हळूहळूच वाढवायचा असतो, हंटिंग्टनमध्ये सुरुवात दिवसाला १२.५ मिलिग्रॅमने करतात. आजोबांसाठी डॉक्टर सांगतील तो आकडा.

एक शेवटचं, तू फार्मसीची आहेस म्हणून. टेट्राबेनाझिनचे सक्रिय मेटाबोलाइट यकृतात सीवायपी-२डी-६ या विकरामार्फत निघतात. उद्या उदासीसाठी कुणी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन लिहून दिलं तर ही वाट अडते आणि टेट्राबेनाझिनचा डोस साधारण निम्मा करावा लागतो. वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर सगळ्या गोळ्यांची आणि पुडीचीही पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.